एकधान्य

पद्मजाने परातीत मक्याचं पीठ घेतलं, मधे खळगा केला आणि गरम पाण्याचा तांब्या हातात धरून थांबली. दाराशी नीरजा चपला काढत होती. ‘रिपोर्ट आलाय, घरी येऊन सांगते,’ एवढंच सून दुपारी फोनवर म्हणाली होती.

चातुर्मासात पद्मजाने एकधान्याचं व्रत धरलं होतं. चार महिने एकच धान्य, मका. नीरजाला दिवस गेले होते. बाळ सुखरूप यावं म्हणून. रात्रीची भाकरी नीरजाही हौसेने तिच्याबरोबर खाई. श्रावणात मक्याच्या पोत्याला ओल लागली, दाण्यांवर गुलबट बुरशी धरली. व्रताचं धान्य मधेच बदलत नाहीत, म्हणून पद्मजाने ते निवडलं, धुतलं, बाल्कनीत वाळवलं आणि दळून आणलं. त्यात सुनेला सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. भाद्रपदात, पाचव्या महिन्यात, बाळ गेलं.

नीरजा नोएडाच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या विषावरच काम करायची. माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर विष सोडायचं आणि बघत राहायचं. पेशींना ते बाईच्या शरीरातलं संप्रेरकच वाटतं, त्या त्याचं ऐकू लागतात, असं तिने एकदा जेवताना सांगितलं होतं.

“इतक्या कशा गं भोळ्या?” पद्मजा हसली होती.

“भोळ्या नाहीत आई, आज्ञाधारक. अगदी तुमच्या सुनेसारख्या.”

बाळ गेल्यावर पद्मजाला ते बोलणं आठवलं. मग एका सकाळी तिने पोत्याची सगळी हकिकत सांगितली आणि वाटीभर पीठ तपासायला दिलं. नीरजाने ते एका डबीत भरलं. डबी पर्समध्ये ठेवून मेट्रोला निघून गेली. एवढ्याने बाळ जाऊ शकतं का, हे तिच्या प्रयोगशाळेतही कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. तेव्हापासून पद्मजा दूध-केळ्यावर होती.

नीरजा ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

“पीठ स्वच्छ आहे, आई.”

पद्मजाने डोळे मिटले. ओठ जरासे हलले. मग तिने परातीवर तांब्या कलता केला.

नीरजाने तिचं मनगट धरलं.

“नको.”

तिने तांब्या सरळ केला. “आज भात करू या ना.”

पद्मजाने तांब्या खाली ठेवला. तिने सुनेकडे पाहिलं नाही, काही विचारलंही नाही.

“बरं,” ती म्हणाली. “स्वच्छ निघालं, तेवढं पुरे.”

डब्यात राहिलेलं पीठही तिने परातीत ओतलं. घरातलं उरलंसुरलं ती सोसायटीच्या गेटबाहेरच्या गाईला घाली, अन्न कचऱ्यात जाऊ देत नसे. आज तिने ते सगळं पिशवीत भरलं, गाठ मारली, त्या गाठीवर आणखी एक मारली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात पार तळाशी दाबली.

मग हात धुतले, आणि दोघींपुरते तांदूळ धुवायला घेतले.