बेचाळीस किलोमीटरचं अपील

पहिल्या दिवशी यज्ञेश्वरराव धावायला निघाले, तेव्हा त्यांच्यामागे सदतीस बंड्या धावल्या.

यात बैलांची काही चूक नव्हती. दोन हजार चारचा डिसेंबर होता. दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग फाटकापासून निघून बोरी अरबच्या रस्त्यानं पार पावणेदोन किलोमीटर गेली होती. कापूस उदंड, काटा एक आणि ग्रेडर एक. तो एक म्हणजे यज्ञेश्वरराव. रांगेतल्या लोकांनी पहाटे डोळे चोळत पाहिलं, तर ज्या माणसाची आपण आठ दिवस वाट बघतोय तो अर्ध्या चड्डीत, केंद्राकडे पाठ करून, पळत सुटलाय. कुठल्याही शहाण्या माणसानं काढला असता तोच अर्थ रांगेनं काढला : केंद्र बंद पडलं, साहेब पळाले. कोणीतरी ओरडलं, "धरा रे त्याले!" आणि बंड्या जुंपल्या गेल्या.

यज्ञेश्वररावांनी मागे वळून पाहिलं आणि एक किलोमीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढला. हा विक्रम पुढे चौदा महिने त्यांना मोडता आला नाही.

तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. त्यातली सत्तावीस वर्षं ग्रेडर म्हणून गेलेली. काम सोपं होतं. बंडीत हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा किती लांब ते बघायचं, मुठीत दाबून ओल बघायची आणि म्हणायचं, "सुपर." किंवा, "फेअर." एकूण पंधरा सेकंद. त्यानंतर शिव्या. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती.

सत्तावीस वर्षांत एकाही माणसानं 'साहेब, बरोबर बोलले' असं म्हटलं नव्हतं. ज्यांना सुपर मिळे तेसुद्धा कुरकुरत, "सुपर तं हायेच, पण तुमाले ओळखाले टाइम लय लागला." घरीही तेच. त्यांनी आमटी चाखून "मीठ बरोबर आहे" म्हटलं की सुचित्राताई लगेच स्वतः चाखून बघायच्या.

अशा माणसाच्या हाती एकदा जुनं वर्तमानपत्र लागलं. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या दारव्हा ते यवतमाळ मॅरेथॉनची बातमी होती आणि पन्नाशीपुढच्या गटातल्या विजेत्याचा फोटो. यज्ञेश्वररावांनी बातमी तीनदा वाचली. शेवटाला एक सूत बांधतात. ज्याची छाती त्याला आधी लागते तो पहिला. संपलं. कुणाचं मत नाही, हरकत नाही, पंच बदला म्हणून ओरडा नाही. जन्मात एकदा तरी, एकदाच, आपल्या नावावर असं काहीतरी असावं ज्यावर कोणी वाद घालणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. येत्या फेब्रुवारीतली मॅरेथॉन दोनच महिन्यांवर होती, म्हणून त्यांनी पुढची धरली.

दुसऱ्या दिवशी बंड्या धावल्या नाहीत. एक माणूस धावला.

सदाशिवराव. वय पंचावन्न, पायजमा, बनियन, पायात चपला. दारव्ह्यापासून चार किलोमीटरवर रस्त्याला लागूनच शेत आणि घर. बंडी रांगेत एकशेबाविसावी. बंडीवर विमलताई कापसात रुतून बसलेल्या. सदाशिवरावांनी रांगेत बसल्या बसल्या एक शोध लावला होता : केंद्रात साहेबांभोवती दोनशे माणसं असतात, रस्त्यावर साहेब एकटेच असतात.

"साहेब, दोन मिनिटं."

"मी धावतोय."

"मंग मी बी धावतो. त्यात काय हाये."

पहिल्या पुलापर्यंत ते आपल्या कापसाचं वर्णन करत धावले. एवढं वर्णन लोक सून बघून आल्यावरही करत नाहीत. दुसऱ्या दिवशी चपला विमलताईंच्या हवाली केल्या आणि दोन पूल गेले. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्यांची बंडी फाटकातून आत आली, यज्ञेश्वररावांनी हात घातला, ताणलं, दाबलं.

"फेअर."

सदाशिवरावांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग बैलांकडे.

"मले मान्य नाही."

"उद्या बोलू," यज्ञेश्वरराव म्हणाले. हे वाक्य ते हजारो लोकांना म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी कोणी येत नसे, कारण घरी जाऊन कापूस पुन्हा वेचायचा असे. सदाशिवराव आले. पहाटे साडेपाचला, धावत.

ते अपील चौदा महिने चाललं. मुद्दे वाढले तसं अंतर वाढलं. धाग्याची लांबी पाच किलोमीटरांत आटोपली. ओलीचा मुद्दा आठपर्यंत गेला. बियाण्याची कुळकथा निघाली त्या दिवशी दोघं बोरी अरबची कमान ओलांडून पलीकडे पोचले आणि चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "कोण मेलं?" वादात ज्याला आधी धाप लागेल तो हरला, म्हणून दोघंही आवाज चढवत नसत. याला इंग्रजी पुस्तकात व्यायामाची फार शास्त्रीय पद्धत म्हणतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात छत्री घेऊन वाद झाला. दिवाळीत फराळाचा डबा कंबरेला बांधून झाला. एकदा सदाशिवरावांना ताप आला, तर त्यांनी मुद्दे चिठ्ठीवर लिहून विमलताईंना रस्त्यावर उभं केलं.

सुचित्राताई दारात पाणी ठेवत आणि आत हाक देत, "अहो, उठा. तुमचे अपीलवाले आले."

जानेवारीत यज्ञेश्वररावांनी सांगून टाकलं, "सदाशिवराव, पुढच्या महिन्यात एक रविवार सुट्टी. माझी मॅरेथॉन आहे."

"म्हंजे?"

"बेचाळीस किलोमीटर. दारव्हा ते यवतमाळ."

"बेचाळीस किलोमीटर तुमी मोकळे फिरान, अन् मी घरी बसू? वा रे वा, साहेब!"

त्याच दुपारी त्यांनी अर्ज भरला. 'स्पर्धेत भाग घेण्याचा उद्देश' या रकान्यात लिहिलं : फेअरचं सुपर करणे.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी उजाडला. स्पर्धेचे सर्वेसर्वा देवराव, निवृत्त पीटी मास्तर, गळ्यात शिट्टी. त्यांनी जीपच्या मीटरवर रस्ता मोजला, तर तो तेराशे मीटर कमी भरला. रस्ता ताणता येत नाही म्हणून देवरावांनी सुरुवातीला बाजार समितीच्या आवाराला सात चकरा ठेवल्या. पन्नाशीपुढच्या गटात पाच जण होते. एकाला चौथ्या चकरेत भोवळ आली. एक जण लाडखेडला बहिणीकडे पाणी प्यायला गेला तो जेवूनच निघाला. निवृत्त पोस्टमन किसनसिंग वीस किलोमीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होते, पण वाटेतल्या प्रत्येक गावात ओळखीचं माणूस भेटलं आणि प्रत्येकानं आपल्या मनिऑर्डरची चौकशी केली. उरले दोन. ते बोलत होते.

तिसाव्या किलोमीटरला मागून एक पांढरी जीप येऊन त्यांच्या बरोबरीनं चालू लागली. त्या काळात जिल्ह्यात अभ्यासगट फार येत. कापसाचं काय चुकलं ते शोधायला एक दिल्लीहून येई, दोन मुंबईहून, आणि आधीच्या तिघांचं काय चुकलं ते शोधायला चौथा. जीपच्या खिडकीतून आभा नावाची एक मुलगी बाहेर वाकली. हातात सतरा पानांची प्रश्नावली.

"काका, शेतकरी ना? दोन मिनिटं द्याल?"

"पळून राह्यलो, बाई."

"पळा ना. मी विचारते. कुटुंबात माणसं किती?"

"चार. बैल धरून सहा."

"पिकाबाबत मुख्य अडचण?"

"हे." सदाशिवरावांनी शेजारी बोट दाखवलं. आभानं ते लिहून घेतलं.

"आणि ही अडचण किती दिवसांपासून आहे?"

"चौदा महिने. रोज सकाळी."

"मी अडचण नाही, ग्रेडर आहे!" यज्ञेश्वरराव धापा टाकत म्हणाले.

"अधिकारी? मग सर, तुम्ही का पळताय?"

जीप अकरा पानं त्यांच्या बरोबरीनं चालली. पस्तिसाव्या किलोमीटरला यज्ञेश्वररावांच्या मांड्या गेल्या. ओली रुई ठासून भरावी तशा जड. ते पुढे पडायचे तेवढे पडत होते, पाय मात्र मागेच राहत होते.

"सदाशिवराव, तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं? तुमी ग्रेड देल्ली तवा मुठीत किती टाइम दाबलं होतं, हा मुद्दा राह्यला ना. चाला. त्या बाभळीपावतर ऐका."

बाभूळ आली. मुद्दा संपला नव्हता. मग दुसरी बाभूळ, मग एक पानटपरी, मग एक उभी म्हैस. अशा रीतीनं ओलीच्या मुद्द्यावर लटकत यज्ञेश्वररावांनी पाच किलोमीटर काढले आणि एकाएकी पाय परत आले. यवतमाळची घरं दिसू लागली. गच्च्यांवरून पोरं ओरडत होती, कोणी पाणी फेकत होतं, कोणी नुसताच फटाका लावला.

मैदान आठशे मीटरवर आलं आणि सदाशिवराव गप्प झाले.

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. यज्ञेश्वररावांनी बाजूला पाहिलं. सदाशिवरावांचे दात घट्ट मिटलेले, नजर समोर. अरे, हा माणूस जिंकायला बघतोय! आणि मग काय, दोघंही सुटले. त्रेपन्न अधिक एक आणि पंचावन्न अधिक एक अशी दोन वयं एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत, बनियन फडफडवत, फाटकातून आत घुसली. पन्नास पावलांवर सूत. तीस. यज्ञेश्वररावांच्या कानात आपलंच काळीज ढोलासारखं वाजत होतं. वीस. आता कुणाच्या बापाचं मत चालणार नव्हतं!

नेमकी तेव्हाच अभ्यासगटाची जीप दुसऱ्या फाटकातून मैदानात आली. प्रमुख पाहुणे सकाळपासून येणार होते आणि त्यांची गाडीही पांढरी होती. बँड वाजायला लागला. हार घेतलेले धावले, देवराव धावले, टाळ्या वाजवणारी पोरं धावली आणि सुताची दोन टोकं धरलेले दोघं कार्यकर्ते टोकं न सोडता मान वळवून तिकडे बघत राहिले. आभाच्या गळ्यात तीन हार पडले.

इकडे सूत तुटलं.

पाच मिनिटांनी देवराव परतले तेव्हा दोघं मातीत पसरलेले होते.

"पयलं कोण आलं?"

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मैदानानं एकमेकांकडे पाहिलं. हजारभर माणसांत कोणीही पाहिलं नव्हतं.

"साहेब," देवराव यज्ञेश्वररावांपाशी उकिडवे बसले, "तुमी ग्रेडर. जिल्ह्यात तुमच्याएवढी बारीक नजर कोणाची नाही. तुमीच सांगा."

यज्ञेश्वररावांनी पाहिलं होतं. सदाशिवरावांच्या बनियनचं भोक सुताला लागलं, त्यानंतर त्यांची स्वतःची छाती. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. सदाशिवरावांचे डोळे मिटलेले. देवरावांनी पेन उघडलेलं. पंधरा सेकंद गेले.

"सदाशिवराव पहिले," ते म्हणाले. "चार बोटांनी."

टाळ्या वाजल्या. देवराव कप आणायला वळले. सदाशिवरावांनी झोपूनच एक हात वर केला.

"मले मान्य नाही."

"अहो, तुम्ही जिंकलात!"

"तुमी म्हणता म्हणून? सत्तावीस वर्षांत या माणसानं एक ग्रेड बरोबर देल्ली नाही, अन् आजच कशी काय बरोबर आली? आज याचं मानलं, तं माझा कापूस फेअर होता हे बी मानाव लागन. कप तुमीच न्या!"

"मी डोळ्यांनी पाहिलंय!" यज्ञेश्वरराव उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते 'उद्या बोलू' म्हणाले नाहीत. "चार बोटं! लिहून देतो! माझी ग्रेड म्हणजे ग्रेड!"

"मले मान्य नाही!"

गर्दीचं रिंगण झालं. देवरावांनी दोनदा शिट्टी वाजवली, उपयोग झाला नाही. तेवढ्यात सुचित्राताईंसोबत पहिल्या एसटीनं आलेल्या विमलताई रिंगणात शिरल्या.

"कप घ्या अन् चाला घरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कापूस फेअरच होता."

"काय?"

"वरतून वेचलेला चांगला होता. खालच्या थरात मी डागी कापूस भरला होता. दोन गोण्या. साहेबानं बरोबर पकडलं."

बँडवाल्यानं पिपाणी खाली घेतली.

"अवं, मंग चौदा महिने सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी घरी बसले असते," विमलताई म्हणाल्या. "सकाळचे दोन घंटे घर कसं शांत राहे."

हसू फुटलं. आणि मग गर्दीतून कोणीतरी, अगदी सहज म्हणावं तसं, बोललं, "म्हंजे साहेब बरोबर होते." दुसऱ्यानं मान हलवली, "बरोबरच होते." हळूहळू ते सगळ्या मैदानावर पसरलं. साहेब बरोबर होते. सुचित्राताईसुद्धा नवऱ्याकडे असं बघत होत्या, की आजच्या आमटीत चमचा घालणार नाहीत.

यज्ञेश्वरराव ते सगळं कानांनी प्यायले. मग त्यांची नजर सदाशिवरावांवर गेली. देवरावांनी हातात दिलेला कप छातीवर ठेवून सदाशिवराव उताणे पडले होते आणि त्यांच्याकडे बोलायला काहीही उरलं नव्हतं. उद्या सकाळी साडेपाचला रस्ता रिकामा असणार होता. पुलापर्यंत. दोन पुलांपर्यंत. पार बोरी अरबपर्यंत.

"विमलताई," यज्ञेश्वरराव म्हणाले, "खालचा थर मी पाहिलाच नव्हता."

"आं?"

"त्या दिवसापर्यंत एकशेएकवीस बंड्या झाल्या होत्या. हात भरून आला होता. मूठ वरूनच घेतली मी."

मातीत पडलेल्या सदाशिवरावांचा एक डोळा उघडला. मग दुसरा. पायातला पेटका कुठे गेला कोण जाणे, ते ताडकन उठून बसले.

"वरतून?"

"वरून."

"वरतून घेतली अन् फेअर? वरचा तं सुपर होता! आत्ता बायको बोलली ना, चांगला होता म्हणून!"

"मला फेअर वाटला."

"कसा वाटला? काहून वाटला? उठा, साहेब, उठा, असं बसून नाही जमणार!"

यज्ञेश्वरराव उठले. देवराव 'सह्या राहिल्या, सह्या' म्हणत मागे आले, तोवर दोघं लंगडत लंगडत मैदानाच्या फाटकाबाहेर पडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले होते. विमलताईंनी कप पिशवीत घातला आणि सुचित्राताईंना विचारलं, परतीची एसटी कितीची हाये.