पुलावरचा भालेवाला

"बाकी सगळं जमलंय. पण पुलावरच्या माणसाचं काय केलंत?"

छापखानेवाल्याने चोविसावं पान पालथं ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. 'काचदरीची राणी' या चित्रकथेचे एकशे तेवीस अंक त्याच्याच यंत्रावर निघाले होते, आणि प्रत्येक अंक नेण्याआधी तो या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. वर्षातून चारदा, एकतीस वर्षं. हा एकशे चोविसावा, आणि शेवटचा.

"कुठला माणूस?" वहिनींनी विचारलं.

"भालेवाला. राणी त्याला म्हणते, इथेच थांब, मी आलेच. आणि जाते ती जातेच. नववा अंक."

"नंतर कुठेतरी सुटका केली असेल की त्याची."

"नाही केली. मी वाट बघत होतो ना."

वन्संनी कपाटातून नववा अंक शोधून काढला. त्याच्या पिना गंजल्या होत्या. अकराव्या पानावर तो उभा होता, काचेच्या पुलाच्या मधोमध, हातात भाला, नाक जरा जास्तच लांब. राणी बगळ्यावर बसून निघालेली, आणि तिच्या तोंडून निघालेल्या फुग्यात वन्संचंच तेव्हाचं टपोरं अक्षर.

आधी वन्संना हसू फुटलं. मग वहिनींना. दोघी अशा हसल्या की छापखानेवाल्याने स्वतःच उठून स्वतःसाठी पाणी घेतलं.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद, पण एका घरात इतकी वर्षं काढल्यावर शेजारीपाजारीही त्यांना वन्संच म्हणत. वन्संची नोकरी जन्मनोंदणीच्या खिडकीत. दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांची नावं वळणदार अक्षरात लिहायची. वहिनी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवसभर मेणाचे दात कोरायचे. संध्याकाळी जेवणं आटोपली की याच टेबलावर एकीने चित्रं काढायची आणि दुसरीने फुगे भरायचे. त्यामुळे त्यांच्या राक्षसाचे दात एकदम एकसारखे, पांढरेशुभ्र असत. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं होतं की तुमच्या राक्षसाने कवळी कुठे करून घेतली, आमच्या सासऱ्यांना हवी आहे. वहिनींनी खरंच पत्ता कळवला होता.

आणि या सगळ्यात दादा. वन्संचा थोरला भाऊ, वहिनींचे यजमान. त्याला कथेतलं ओ की ठो कळत नसे, पण उभं राहायला सांगितलं की तो राहायचा. राक्षस तोच, प्रधान तोच, एकदा तर राणीची सासूही तोच झाला होता, डोक्यावरून चादर घेऊन. भालेवाल्यासाठी तो खिडकीपाशी फरशी पुसायच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. चित्र अर्धं झालं आणि शेजारीण दाराशी आली. "इथेच थांबा, मी आलेच," म्हणून वहिनी बाहेर गेल्या आणि जिन्यात गप्पांना बसल्या. सव्वा तासाने वन्सं कामावरून आल्या तर हा तसाच उभा, दंड थरथरतायत.

"अरे, बस की," वन्सं म्हणाल्या होत्या.

"तिने थांब म्हटलंय. चित्र बिघडेल."

म्हणून गंमत म्हणून वन्संनी तेच शब्द राणीच्या तोंडी घातले. महिनाभर घर हसत होतं, आणि त्या हसण्याच्या नादात भालेवाला पुलावर राहिला तो राहिलाच.

दादा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मग काय, एक पान वाढवू या," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"एक वाढत नाही, ताई. कागद दुमडला की चार होतात," छापखानेवाला म्हणाला. "काढायची तर चार पानं काढा. नाहीतर राहू दे."

वन्संनी वहिनींच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याचा सांधा झिजला होता. तीन महिन्यांचं काम या वेळी सातव्या महिन्यावर गेलं होतं, आणि चित्रकथा संपवायची ठरली ती त्यापायीच. कालच वहिनींनी शाईची बाटली धुऊन पालथी घातली होती.

"राहू दे, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "एकाच माणसाच्या लक्षात आलंय. तो काही बोभाटा करणार नाही."

"मी कशाला करू?" छापखानेवाला म्हणाला. "मला माहीत राहील, एवढंच."

वहिनी अकराव्या पानाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी नवी शाई आणली. वहिनींनी पेनाला चिंध्या गुंडाळून ते काकडीएवढं जाड केलं, म्हणजे अंगठा फार वाकवावा लागू नये. पंधरा मिनिटं काम, मग कोमट पाण्यात हात, की पुन्हा पंधरा मिनिटं. पहिल्या पानावर म्हातारी राणी पलंगाखाली चपला शोधत होती. बगळाही म्हातारा झालेला, म्हणून दुसऱ्या पानावर ती चालतच निघाली. गुडघ्यावर हात ठेवून चढ चढणारी राणी पाहून वन्संना ती कोण ते लगेच कळलं.

"स्वतःलाच राणी केलंस होय गं शेवटी?"

"समोर आरसा होता. तुम्ही तर उभ्या राहायला तयार नाही."

तिसऱ्या पानाशी गाडी अडली. वहिनी पेन्सिल हातात धरून बसून राहिल्या.

"केस पिकवू का यांचे?"

"पिकव की. एकोणतीस वर्षं उभा आहे तो."

"पण मी पाहिलेच कुठे पिकलेले? अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. चार केस पांढरे होते, तेही मोजून." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मामंजींचे कसे पिकले होते?"

वन्संनी डोळे मिटून वडील आठवले. "आधी कानांवरून. मग भुवया. आणि मधोमध टक्कल."

"टक्कल नको."

"नको कसं? आमच्या घरात कोणालाच चुकलेलं नाही. त्याला बरी सूट देतेस."

"बायको आहे मी. देणार."

अखेर कपाळ दोन बोटं मागे नेऊन तडजोड झाली. कान, भुवया, नाक तेच. दुपारी वहिनींनी पान पुढे सरकवलं तेव्हा वन्सं कितीतरी वेळ त्या सदुसष्ट वर्षांच्या दादाकडे बघत राहिल्या. तो त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होता, आणि चांगला दिसत होता. समोर धापा टाकत राणी उभी. तिच्या फुग्यात वहिनींनी सांगितलं तेवढंच वन्संनी लिहिलं, 'फार उशीर झाला मला.'

चौथं पान रविवारी झालं. पूर्ण पानभर एकच चौकट. भाला आता राणीच्या हातात होता आणि ती पुलाच्या मधोमध ताठ उभी होती. तो कठड्याला टेकून बसलेला, एक जोडा काढून बाजूला ठेवलेला, दुसऱ्याची नाडी सोडत असलेला. त्याच्या डोक्यावर वहिनींनी पेन्सिलीने मोठा फुगा आखला होता.

"हा तुमचा," त्या म्हणाल्या. "यांना काय म्हणायचंय ते तुम्ही बघा." आणि हात भिजवायला गेल्या.

वन्संनी कच्च्या कागदावर बरंच लिहून पाहिलं. आधी त्याला राणीला चार शब्द सुनावू दिले. ते दादाचे वाटेनात. मग विनोद करू दिला. तो बरा होता, पण त्यांनी खोडला. संध्याकाळपर्यंत कागद दोन्ही बाजूंनी भरला. शेवटी त्यांनी रबर घेतलं आणि फुग्याची रेघ हलक्या हाताने पुसून काढली. वहिनींनी आतून पाहिलं आणि हात पुसायला घेतले.

सोमवारी छापखानेवाला आला आणि टेबलाशी बसून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानं पहिल्यापासून वाचू लागला. शेवटच्या चार पानांना त्याने आधीच्या चोवीस पानांइतकाच वेळ घेतला.

"याला बोलायला काही दिलं नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "दमलाय तो. बसू दे जरा."

छापखानेवाल्याने मान हलवली. शेवटच्या पानाला घडी पडू नये, म्हणून ते पिशवीत न घालता दोन्ही तळहातांवर आडवं धरून तो सावकाश जिना उतरला.