ऐंशी फोटोंचं एक फूल

फूल नखाएवढं, पण नखरे केवढे! चार वर्षांनी उमलायचा मुहूर्त काढला तो शुक्रवारी सकाळी, आणि दुपारी बाराला पुन्हा मिटणार. वनस्पतिउद्यानातल्या बाई कुंडी मांडीवर घेऊन टॅक्सीनं आल्या आणि फोटोवालीच्या टेबलावर ठेवून त्यांनी चक्क हात जोडले. त्यांचं पुस्तक संध्याकाळी छपाईला जायचं होतं, आणि त्यातलं या फुलाचं पान अजून कोरं होतं.

"पुढच्या पाकळीपासून मागच्या केसरापर्यंत सगळं स्वच्छ दिसू दे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी हे उमलेल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन."

इतक्या जवळून फोटो काढला की केसाएवढाच थर स्पष्ट येतो, बाकी सगळं पुसट. म्हणून कॅमेरा कणाकणानं पुढे सरकवत ऐंशी फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट थर उचलून सगळ्यांचा एक फोटो जुळवतो. सरकवायला तिच्याकडे मोटरची पट्टी होती. साडेनऊला तिनं बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली आणि तिनं मान टाकली.

तिच्या नवऱ्यानं दोन दुकानांत फोन लावले. दोघंही म्हणाले, सोमवारी. फोटोवाली डोक्याला हात लावून बसली. बाई आळीपाळीनं कुंडीकडे आणि घड्याळाकडे बघू लागल्या.

तेवढ्यात दारात सासरे उभे राहिले. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला माणूस, आता दिवसातून तीनदा तोच पेपर वाचायचा.

"किती सरकवायचंय?"

"बाबा, आत्ता नको हो. मिलिमीटरचा विसावा भाग."

"एवढंच ना?" म्हणत ते वाकले आणि त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली.

ती पेटी! झाडताना फोटोवालीचा अंगठा तिच्यावर कितीदा ठेचला होता. 'बाबा, भंगारात देऊन टाकू या,' असं ती तीनदा म्हणाली होती, आणि तिन्ही वेळा ते 'बघू' म्हणाले होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या लेथची छोटी सरकपट्टी विकत घेऊन तिच्यात ठेवली होती. पट्टीला हातचाक, चाकावर शंभर रेघा. पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर.

त्यांनी कॅमेऱ्याच्या बुडाला बोट लावून आटे ओळखले, पेटीतला पाव इंची बोल्ट काढला आणि अर्ध्या तासात कॅमेरा पट्टीवर घट्ट बसवला. मग दोन वाट्या मागितल्या. एकीत ऐंशी स्क्रू मोजून टाकले.

"फोटो झाला की एक स्क्रू इकडून तिकडे. तोंडी मोजलं की चुकतं."

पंखा बंद. फ्रिजही बंद, जराही थरथर नको म्हणून. नवऱ्याला पलंगावर बसवून तंबी दिली, की पाय हलवलास तर बघ. पाच रेघा, थांबायचं, फोटो, स्क्रू. पाच रेघा, थांबायचं, फोटो, स्क्रू. सासऱ्यांचं तोंडही इतकं बंद कोणी कधी पाहिलं नव्हतं.

सत्तावन्नाव्या फोटोला दारावरची बेल कर्कश वाजली. फोटोवाली दचकली, तिचा हात टेबलाला लागला, फोटो हलला; आणि तोवर सासऱ्यांनी चाक पुढच्या पाच रेघा फिरवलंही होतं.

"बाबा, पाच रेघा मागे घ्या, लवकर! पाकळी मिटायला लागलीय!"

"पाच नाही. उलटं फिरवलं की स्क्रू आधी नुसताच फिरतो, पट्टी जागची हलत नाही." त्यांनी शांतपणे पूर्ण फेरा मागे घेतला आणि पुन्हा पुढे येत नेमक्या त्याच रेघेवर थांबले. "हं. आता काढ."

तिला त्या उशिराचा राग आला होता, पण तिनं मुकाट फोटो घेतला. ऐंशीवा स्क्रू वाटीत पडला तेव्हा बाराला दहा कमी होते.

नवऱ्यानं दार उघडलं. बाहेर भंगारवाला अजून उभा होता.

"आजोबांनी बोलावलंय. लोखंडाची पेटी न्यायचीय."

फोटोवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं स्वतः दाराशी जाऊन त्याच्या हातात ती मेलेली मोटर ठेवली आणि त्याला वाटेला लावलं.

कॉम्प्युटरवर फूल जुळलं. केसरावरचा एकेक कण दिसत होता. बाईंनी डोळे पुसले, सासऱ्यांचे दोन्ही हात धरले आणि फोटो घेऊन पळाल्या.

"यातला कुठला चांगला आला?" सासऱ्यांनी चष्मा चढवत विचारलं.

"एक असा नाही, बाबा. सगळे मिळून हा." तिनं सत्तावन्नावा काढून पुन्हा जुळवून दाखवलं. केसराच्या मधोमध पुसट पट्टा उमटला.

ते पडद्याजवळ वाकले. "परत घाल तो," म्हणाले.

तिनं घातला. "बाबा, आज तुम्ही होतात म्हणून झालं. आणि पेटीबद्दल मी बोलले ते चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? अंगठा तुझा ठेचत होता." त्यांनी पट्टी पुसली, तेलाचा थेंब सोडला, पेटीत ठेवली आणि सवयीनं पलंगाकडे वाकले.

"तिथं नाही." तिनं आपल्या कपाटात लेन्सच्या शेजारी जागा केली. "इथं."

त्यांनी पेटी तिथं ठेवली. मग पलंगाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "झाडायला सोपं पडेल आता."