प्रतिभा मॅडमची काळी टिकली

"मॅडम, एकच कप हं! आतल्या रेताच्या कांड्या उघड्या पडल्या तर उद्या लोकांच्या गाई कशानं भरवू?" लहानूभाऊंनी नायट्रोजनच्या टाकीत पट्टी बुडवून पाहिली.

द्रवरूप नायट्रोजन निफाडात मिळणार तो गाई भरवणाऱ्याकडेच, हे फिजिक्सच्या प्रतिभा मॅडमना निवृत्तीच्या आठवड्यात सुचलं. मॅडम आता गाय पाळणार, अशी स्टाफरूममध्ये कुजबुजही झाली. पण त्यांना तपासायची होती आपली सुपरकंडक्टरची काळी टिकली. पुण्यात संशोधन करताना त्यांनी ती स्वतः भट्टीत भाजली होती. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, पीएच.डी. अर्ध्यावर राहिली आणि टिकली कपाटात गेली. दमट हवेनं ती मेली तर नसेल? मॅडमचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःच्या हातचं म्हणावं असं तेवढंच. बाकी जन्मभर शिकवलं ते दुसऱ्यांनी शोधलेलं.

टिकली थर्माकोलच्या कपात ठेवली. लहानूभाऊंनी धार सोडली, वाफांचा लोट उठला. उकळी शांत झाल्यावर मॅडमनी चिमट्यानं इवलासा चुंबक वर नेला आणि सोडला.

चुंबक खाली पडलाच नाही. टिकलीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राखून अधांतरी राहिला.

"जिवंत आहे!" मॅडमनी चक्क टाळ्या पिटल्या.

"आयला! कशानं वो हे?"

"इलेक्ट्रॉन एरवी एकमेकांना दूर लोटतात. थंडीत मात्र जोड्या करून निघतात. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांनी हात धरून जत्रेला जावं तसं. मग वीज कुठंच अडत नाही, आणि चुंबकाचा जोर टिकली आत घेत नाही."

"पण ह्यांची जोडी जमवतं कोण?"

"साध्या धातूत अणूंची थरथर जमवते. या टिकलीत मध्यस्थ कोण, तेच मी शोधत होते." मॅडमनी चिमटा खाली ठेवला. "मी सोडलं, लहानूभाऊ. बरोबरचे सगळे कुठल्या कुठे गेले."

"मंग घावला का त्यांला मध्यस्थ?"

"नाही. भांडतायत अजून. एकमत नाही."

लहानूभाऊंनी टाकीला बूच लावलं. "मंग तुमी कुठं मागं ऱ्हायल्या?"

मॅडम हसल्या, खूप हसल्या, डोळे पुसत हसल्या. मग स्टूल ओढून, नायट्रोजन उडून चुंबक खाली टेकेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.