डावी सीट

मी एक जुनी उघडी मोटार आहे. डोक्यावर छप्पर नाही, मागे सीट नाही. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढाच माझा संसार. मित्रांनो, निपाणीजवळ हायवेवरच्या हॉटेलात तुम्ही डोसा खायला थांबता ना, तिथल्या हिरवळीवर मी उभी असते. तुम्ही माझ्या सीटवर बुटांसकट उड्या मारता, हॉर्न दाबून बघता आणि तो वाजत नाही म्हणून मला एक लाथ घालता. मग तुमच्यातला एखादा हुशार विचारतो, "पप्पा, ही पेट्रोलवर चालायची का डिझेलवर?" पप्पांना ठाऊक नसतं. ते म्हणतात, "चल, आइस्क्रीम वितळतंय."

आज मीच सांगते. बसा. लाथा नंतर घाला.

चोर्ल्याच्या घाटाखाली, गोव्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. अंग फायबरचं, वजनाला हलकं, आणि पोटात पेट्रोलचं छोटंसं इंजिन. बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या एका मेजरसाहेबांनी मला घेतलं. रविवारी ते स्वतःच्या टॉवेलने मला पुसायचे आणि त्यावरून त्यांची बायको रुसायची. जांबोटीच्या जंगलातून आम्ही निघालो की रस्त्याकडेची गुरंसुद्धा मान वर करून बघायची. मला माझ्या आवाजाचा भारी गर्व होता. पुढे डिझेलचा ट्रक आला की मी त्याच्या धुराला नाक मुरडायची. तो गर्व पुढे चांगलाच उतरला, पण त्याची शिक्षा मात्र मला झाली नाही. ती दुसऱ्याच कुणाला झाली.

साहेबांची बदली झाली. मी बेळगावातच, शहापूरच्या एका बोळात, शेडमध्ये पडून राहिले. माझ्यावर साड्यांचे गठ्ठे रचून ठेवत. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एके दिवशी गठ्ठे उचलले गेले आणि निपाणीच्या वृषभ नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली.

वृषभला मी का हवी होते, ते ऐका. त्याची आई पद्मावती. तिला घरदार, गल्ली, सगळेच आक्का म्हणत. मुलगाही आक्काच म्हणायचा. घराला लागूनच तंबाखूची वखार. आक्कांचं अर्धं आयुष्य तिथे पाला निवडून घेण्यात आणि बायकांवर देखरेख करण्यात गेलं होतं. तंबाखूचा खकाणा छातीत जाऊन बसला आणि दमा लागला. त्यांना आडवं होऊन झोपता येत नसे. उशीला टेकून बसल्या बसल्याच त्या डोळा लावायच्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की धूळ आणि धूर, दोन्ही बंद. यांना रोज मोकळी हवा पाहिजे.

आक्का म्हणाल्या, "वृषभ, वखार मळ्यात हलव की रं. तेवढं केलंस तरी बास हाय."

वखार हलवायची म्हणजे केवढा व्याप! माल, माणसं, हंगाम. त्यापेक्षा उघडी मोटार आणणं सोपं. शिवाय हलवलेली वखार लोकांना दिसत नाही, मोटार दिसते. वृषभने गल्लीभर सांगितलं, "आक्कासाठी गाडी आणल्या." खरं सांगू, तेव्हा मलाही ते खरंच वाटलं होतं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे मी नाकारणार नाही. जैनांच्या रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की वृषभ आक्कांना माझ्या डाव्या सीटवर बसवायचा आणि आम्ही स्तवनिधीच्या डोंगराकडे निघायचो. वाऱ्याने आक्कांचा पदर फडफडायचा. त्या तोंड उघडून हवा प्यायच्या, अगदी तहानेने पाणी प्यावं तशा. एकदा परत येताना त्यांनी माझ्या दारावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "काल मी आडवी होऊन निजलो बघ." या भागात बायका असंच बोलतात, निजलो, आलो, गेलो. मला ते वाक्य फार आवडलं.

पण माझं इंजिन म्हातारं झालं होतं. एका संध्याकाळी चढावर माझं हेड गॅस्केट उडालं. मला ओढत मारुतीराव मिस्त्रींच्या गॅरेजात नेलं.

मारुतीरावांच्या आवारात मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन पडलेलं होतं. त्यावर कोंबड्या बसायच्या. ते कुणाच्या तरी गळ्यात मारायची त्यांना घाई झाली होती. ते म्हणाले, "मालक, पेट्रोलचं नव्यानं बांधायचं तर बांधू. पण माझं ऐकशीला तर डिझेल घाला. पेट्रोल म्हंजे नाजूक काम. डिझेल म्हंजे पैलवान बघा! एकदा बसवलं की बघायचं काम न्हाय."

गॅरेजात बसलेल्या प्रत्येकाने मत दिलं. एक म्हणाला पेट्रोलचा पिकअप, दुसरा म्हणाला डिझेलचा दम. ज्याला सायकलही धड चालवता येत नव्हती तोही बोलला. शेवटी वृषभ म्हणाला, "घरात ट्रॅक्टरसाठी डिझेलचं बॅरल भरलेलं असतंय. मग पेट्रोलसाठी पंपावर कशाला पळायचं?" झालं, एवढ्यावर ठरलं.

आक्का तिथेच बाकावर बसल्या होत्या. वृषभ प्रेमाने त्यांच्याजवळ गेला, खाली वाकला आणि त्याने विचारलं, "आक्का, रंग कुठला देऊ या गाडीला?"

आक्का म्हणाल्या, "रंग कुठला बी दे रं. इंजिन तेवढं पेट्रोलचं ऱ्हाऊ दे. डिझेलच्या धुरानं मला धाप लागत्या."

सगळे खो खो हसले. मारुतीराव तर हसता हसता पाना खाली टाकून बसले. "आक्का, तुमास्नी रंग विचारलाय! इंजिनातलं काय कळतंय तुमास्नी?" वृषभही हसला. आक्काही हसल्या, कारण सगळे हसत असताना एकटीने गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. माझा रंग लाल ठरला.

पैलवान माझ्या पोटात बसला. मित्रांनो, हलक्या अंगात जड इंजिन घातलं की काय होतं, ते तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही. माझं नाक खाली झुकलं, दारं खडखडू लागली, फायबरला केसासारख्या चिरा गेल्या. आणि जीपचा सायलेन्सर माझ्याखाली मावेना. मारुतीरावांनी थोडा विचार केला आणि नळी कापून डाव्या दाराखाली बाहेर काढली. म्हणजे आक्कांच्या बाजूला. "डायवरला त्रास नको," असं ते म्हणाले.

त्यानंतर स्तवनिधी मागे पडलं. मला आता गावातून हळूहळू फिरवायचं असे, कारण वृषभची बायको निशा पुढे चालत मोबाइलवर रील काढायची. लाल मोटार, गॉगल घातलेला मुलगा, शेजारी जरीच्या साडीतली आई. हळू चालवलं की काळा धूर मागे जात नाही, वर येतो. आक्का पदर नाकाला लावायच्या. वृषभ म्हणायचा, "आक्का, पदर काढ. तोंड दिसंना. आनी जरा हस की!"

निशाला कळत होतं. एकदा ती म्हणालीही, "अहो, आक्कांना धाप लागल्या, बास करू या."

"एकच घे अजून. ऊन चांगलं पडलंय."

घरी जाऊन निशा त्या रीलमधला खोकला काढून टाकायची आणि वर आईच्या मायेचं एखादं गाणं चढवायची. खाली लोक लिहायचे, असा मुलगा सात जन्म मिळो. आक्कांना तिने ते वाचून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "लई चांगलं लिवलंय." मग उशीला टेकून त्या बसून राहिल्या. आडवं होणं पुन्हा संपलं होतं.

महावीर जयंती आली. मिरवणूक आमच्या बस्तीपासून, म्हणजे जैन मंदिरापासून निघते. वृषभने खटपट करून मला पालखीच्या मागे जागा मिळवली. पायांत चपला घालायच्या नाहीत, म्हणून आक्का अनवाणीच बसल्या होत्या. उन्हाने रस्ता तापलेला, आणि मिरवणूक मुंगीच्या चालीने सरकत होती. माझ्या नळीतून धुराचे लोट निघत होते. चौकाजवळ आल्यावर आक्कांनी वृषभचं मनगट धरलं.

"मला उतरू दे रं. मला बसवंना."

"आक्का, लोकं बघाय लागल्यात. बस गप."

आक्कांनी स्वतःच दार उघडलं आणि त्या तापल्या डांबरावर उतरल्या. वृषभचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा चारचौघांत आईवर ओरडणार. पण तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बघा, आक्का पायी निघाल्या! देवाच्या पालखीमागं गाडीत बसायचं न्हाय म्हनाल्या!"

आक्का असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण जयजयकार झाला. बायका पाया पडू लागल्या. कुणीतरी हार काढून वृषभच्या गळ्यात घातला. वृषभने हात जोडले आणि म्हणाला, "आमच्या आक्काचा नेमच हाय तो." मग मला पुढे घेतलं, आणि आक्का माझ्या मागून चालू लागल्या. दोन बायकांनी भक्तिभावाने त्यांचे दंड धरले होते, त्यामुळे त्यांना बाजूलाही होता येईना. मी पुढे धूर सोडत होते आणि त्या मागे तो घेत होत्या. बंद पडावं म्हणून मी जिवाचं रान केलं. पण मिस्त्रींनी खरंच सांगितलं होतं, पैलवान कधी बंद पडत नसे.

मिरवणूक फिरून परत बस्तीच्या वळणावर आली तेव्हा आक्का गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ रस्त्याला टेकलं. लोकांना वाटलं, पालखीला नमस्कार केला. आजूबाजूच्या चारजणींनीही नमस्कार केला. नमस्कार आटोपून त्या उठल्या, आक्का उठल्या नाहीत. तेव्हा कुठे पळापळ झाली.

बेळगावच्या दवाखान्यातून आक्का परत आल्या, त्या नाकात नळी घेऊनच. सोबत हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं एक मशीन आलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, धूळ नको, धूर नको. वखार जिथल्या तिथे राहिली. आणि ते मशीन विजेवर चालायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटीचा काय भरवसा? मारुतीरावांना बोलावणं गेलं.

"त्यात काय मालक? इंजिन हाय की घरात. गाडी तर आता नुसती उभीच. इंजिन काढू, जनरेटर जोडू."

माझ्या पोटातला पैलवान काढून सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवला. वायर लांब नको म्हणून चौथरा बांधला तो आक्कांच्या खिडकीखाली. धुराची नळी वखारीच्या भिंतीकडे केली होती. भिंतीला आपटून धूर वळायचा आणि खिडकीतून आत जायचा. मी रिकाम्या पोटाने अंगणात उभी होते आणि सगळं मला दिसत होतं.

एका दुपारी लाइट गेली, इंजिन धडधडू लागलं. आक्का निशाला म्हणाल्या, "ते बंद कर गं. जरा श्वास घेऊ दे मला."

"आक्का, ते बंद केलं तर तुमचं मशीन बंद पडंल. मग श्वास कसा घेनार?"

आक्कांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाल्या, "व्हय की."

त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही.

आक्का गेल्या त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. रडारड सुरू झाली, माणसं जमली, फोन गेले. इंजिन खिडकीखाली चालूच होतं. बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग शेजारचे कुणी गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वृषभ, ते बंद कर की बाबा. मयताला आलेल्या लोकास्नी धूर लागाय लागलाय."

वृषभ लगेच उठला आणि त्याने इंजिन बंद केलं. एवढंसं काम होतं ते.

मला हॉटेलवाल्याने नेलं. पुन्हा रंग चढवला, बॉनेटखाली माती भरून झेंडू लावला. आक्कांना जाऊन वर्ष झालं त्या सुमारास वृषभ आणि निशा इथे आले होते. त्यांनी आक्कांचा हार घातलेला फोटो माझ्या डाव्या सीटवर टेकवला, आणि वृषभ शेजारी गॉगल लावून बसला. निशा रील काढू लागली. फोटोत आक्का हसत होत्या. तो फोटो मला चांगला ओळखता आला. "जरा हस की" म्हटल्यावर त्या हसल्या होत्या, तेव्हाचा तो होता. तेवढ्यात निशाचा हात खाली आला. "ऊन गेलं," असं काहीतरी ती लख्ख उन्हात पुटपुटली आणि मोबाइल पर्समध्ये टाकून, माझ्याकडे न बघता, त्यांच्या गाडीकडे निघून गेली.

मित्रांनो, आता तुम्हाला उत्तर मिळालं. मी आधी पेट्रोलवर चालायची, मग डिझेलवर, आणि आता कशावरच नाही. मोटारीची निगा राखा असं मी सांगणार नाही; माझी निगा पुष्कळ राखली गेली, दर वेळी नवा रंग मिळाला. तुम्ही एवढंच करा. घरी जाताना तुमच्या गाडीत तुमची आजी, आई, जी कुणी डाव्या सीटवर बसेल तिच्याकडे एकदा बघा. ती खोकत असेल तर तिला रंग विचारू नका. आणि न विचारता ती काही बोलली, तर हसू नका.

जा आता, तुमचं आइस्क्रीम वितळतंय.