सरपंचाचं सातवं घर

आमची मांजर यंदा बाजरीच्या कणगीमागं व्याली. तीन पिल्लं झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यातली दोन एकेक करून तोंडात धरून ती कुठंतरी घेऊन गेली. तिसरं तिथंच राहिलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई भिवराबाई, म्हणाल्या, "यील न्यायला." दिवस मावळला तरी ती आली नाही. पिल्लू मुठीएवढं, पिवळसर, आणि दोन्ही पापण्या सुजून चिकटलेल्या. हे काही धड नाही, असं आईनंच ठरवून टाकलं होतं. मला तिचा एवढा राग आला, की सापडली असती तर चार गोष्टी सुनावल्याच असत्या.

पिल्लाला मी शेळीचं दूध ड्रॉपरनं पाजू लागले. दूध द्यायला जरा उशीर झाला की ते सगळी वस्ती गोळा होईल असं ओरडायचं. माझे यजमान बंकटराव शेळ्यांमागून आले की टोपलीत डोकावायचे. म्हणाले, "डोळं मिटून नुसतं वरडायचं आन् खायचं. सरपंचच हाय की ह्यो." तेच नाव पडलं.

शेळ्यांना लस टोचायला पाटोद्याहून डॉक्टर आले, तेव्हा मी सरपंचाला यजमानांच्या टोपीत घालून पुढं केलं. डॉक्टर आधी हसले, मग पापणी पुसून बघितल्यावर हसायचे थांबले. म्हणाले, "आत पू साठलाय. असाच राहिला तर डोळे जातील. पाणी उकळून कोमट करा, कापसानं पुसा, मग हे मलम लावा. पापणी ओढायची नाही. आणि ह्याला आईचं दूध मिळालं तर फार बरं. वरच्या दुधावर असली पिल्लं जगतीलच असं नाही."

मी कामाला लागले. पण आत्यांचं वेगळंच. "मलम लाव, मी कुठं नको म्हन्ले? पन सात घरं फिरल्याबिगर मांजराचं डोळं उघडत न्हाईत. आई फिरवती त्यास्नी. ह्याला आईनं टाकलंय. आता जिनं दूध पाजलं तिनंच फिरवायचं."

"आत्या, डोळं मिटलेल्यानं घरं बघायची कशी?"

"तू लग्न हून आलीस तवा मान खाली घालूनच आली व्हतीस. तरी घर कळलंच की तुला."

सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? मी टोपली काखेत मारून निघाले. आमचं घर सोडून वस्तीवर सातच घरं. अजिनाथच्या दारात त्याची म्हातारी म्हणाली, उंदराचं पिल्लू कशाला घेऊन फिरायलीस. बबितानं कापूस दिला आणि वर तासभर गप्पा. कुणी हसलं, कुणी गूळ हातावर ठेवला. सहा घरं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसताना सरपंचाचा डावा डोळा किलकिला झाला, आणि आतून निळसर मण्यासारखं काहीतरी माझ्याकडं बघायला लागलं. मी यजमानांना शेळ्यांतून हाक मारून बोलावलं. आत्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सहा घरं, एक डोळा. सातवं ऱ्हायलंय."

सातवं घर वत्सलाबाईंचं होतं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. दिवाळीत त्यांनी विरजायला ठेवलेलं दूध आमच्या मांजरीनं फस्त केलं होतं. त्यांनी चुलीतलं लाकूड फेकलं, आणि ते मांजरीला नाही लागलं, मला मात्र बोल लागला. "तुजी मांजर तुज्यासारखीच. न इचारता घरात शिरती." बस. त्या दिवसापासून मी त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. दोघी वाटणीवरून भांडलेल्या भाऊबंदांसारख्या बांधावरून तोंड फिरवून जायचो. आमचे नवरे, खरे भाऊ, मात्र रोज एकाच काडीनं बिड्या पेटवायचे.

मी पळवाटा शोधल्या. बिरोबाच्या देवळात टोपली टेकवून आले.

"देवळात चूल हाय का?" आत्यांनी विचारलं. "चूल न्हाई त्ये घर न्हाई."

विहिरीवरच्या मोटारीची खोली सांगितली, तर त्यांनी टोपली उचलून परत माझ्या काखेत दिली.

मधल्या काळात उजवा डोळा सुजतच चालला. कोमट पाणी, मलम, सगळं चालू होतं. मग सरपंचानं ड्रॉपर जिभेनं बाहेर ढकलायला सुरुवात केली. एका दुपारी तो ओरडलाच नाही. ज्या आवाजाला मी शिव्या घालत होते, त्यासाठी कान लावून बसले. हे पोर हातचं जाणार, असं वाटलं. सात घरांवर माझा विश्वास बसला होता असं नाही. पण सगळं करून बघितलं आणि एवढंच राहिलं, हे मला पुढं सोसलं नसतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हणत मी उठले. गाढव कोण, हे सांगायला नकोच.

वत्सलाबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेर थांबले.

"येऊ का?"

"इचारून यायलीस. म्हंजे मोठंच काम दिसतंय."

तेवढ्यात टोपलीतून बारीक आवाज आला. आणि आतून, वाकळांच्या ढिगामागून, त्याला उत्तर आलं. आमची मांजर शेपूट वर करून ऐटीत बाहेर आली. वत्सलाबाईंची मान सुपात गेली. मी आत डोकावले. चांगल्या धुतलेल्या वाकळेवर दोन गलेलठ्ठ पिल्लं, आणि शेजारी दुधाची वाटी. वाटीत साय होती. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, पण इथं डोळे मिटून घेतले होते ते पाजणारीनं.

"ऱ्हाती आपली," त्या सुपाकडं बघत म्हणाल्या. "मी कुठं आवतन धाडलं व्हतं."

"आन् साय?"

"पडली आसंल."

"मला सांगायचं तरी. हे पोर दुधावाचून मरायलंय."

"सांगाया तुज्या दारात कोन यील? तू बोलतीस का माझ्याशी?"

मी सरपंचाला खाली ठेवलं. मांजरीनं हुंगलं. मलमाचा वास आला, तशी ती तोंड फिरवून बाजूला झाली. वत्सलाबाई उठल्या. त्यांनी सरपंचाला उचललं, वास लागावा म्हणून दुसऱ्या दोघांच्या अंगावर त्याचं पाठ-पोट चोळलं आणि दोघांच्या मधोमध खुपसून दिलं. थोड्या वेळानं मांजर परत आली. पुन्हा हुंगलं. मग ती आडवी झाली आणि त्याला चाटायला लागली. सरपंचाला दूध सापडलं. मला रडू आलं, आणि मी ते वत्सलाबाईंपासून लपवलं नाही.

पण मांजर मलमही चाटून टाकायची. म्हणून लावल्यावर ते जिरेपर्यंत तिला धरून ठेवायला एक माणूस लागायचं. "माजा हात थरथरतो," वत्सलाबाई म्हणाल्या. "मलम तूच लाव. मी हिला धरते." म्हणून मी सकाळ-संध्याकाळ जायला लागले. रोज उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" विचारायचे. शेवटी त्याच वैतागल्या. "रोज काय इचारायलीस? आत ये की."

उजवा डोळा उघडला. कडेला पांढरा ठिपका राहिला, पण बोट हलवलं की सरपंच पंजा मारायचा. आत्या म्हणतात सातव्या घराचा गुण. मी म्हणते मलमाचा. यजमान दोघींपुढं मान हलवतात आणि शेळ्या घेऊन निघून जातात.

मग एका सकाळी गेले, तर वाकळ मोकळी.

"नेली," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तिन्ही?"

"तिन्ही. सरपंचाला पयलं उचललं."

मला एवढं बरं वाटलं की मी तिथंच खाली बसले. जाऊबाईंनी माझ्या हातातली मलमाची ट्यूब घेतली, टोपण काढून दाबली. काही आलं नाही. पुन्हा दाबली.

"ही तर रिकामी हाय."

"व्हय."

"कवापासनं?"

"परवापासनं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपण नीट लावून ट्यूब कोनाड्यात ठेवली आणि चुलीवर दोन कप चहाचं आधण टाकलं.

"ऱ्हाऊ दे हितंच," त्या म्हणाल्या. "उद्या न्यायला ये."