मांडवाखालचा उल्कावर्षाव

बाकी काही म्हणा बे, उल्का पाहाले जमायचं आन् डोक्यावर मांडव टाकायचा, हे डोकं फक्त प्रताप नगरच्या आमच्या सुमंतकाकाचंच. अपार्टमेंटचे सेक्रेटरी ना ते. म्हणे डिसेंबरचं दव पडते, म्हाताऱ्यायले सर्दी होईन. म्हणून टाकीचा कोपरा सोडून गच्चीभर ताडपत्री. तिच्याखाली खुर्च्या, दोन फोकस, माइक, आन् फ्लेक्सवर काकांचा फोटो उल्केपेक्षा मोठा.

आमच्याच अपार्टमेंटमधली, ताऱ्यायचं वेड असलेली गोपिका. तिनं हे पाहिलं आन् डोक्याले हातच लावला. बातमी तिचीच होती. एका धूमकेतूनं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मागं टाकलेली धूळ, तिचा पट्टा आज पृथ्वीले आडवा येणार, रात्री दहाच्या पुढं जेमतेम अर्धा तास. असा योग पुन्हा येईस्तोवर गोपिका आजी झाली असती. महिनाभर ती दुसरं काही बोललीच नव्हती. चुकलं एवढंच, की काकांले सांगून बसली. करते काय, गच्चीची चाबी त्यांच्यापाशी.

ताडपत्री काढा म्हणून दोनदा गेली. काका म्हणे, आधी कार्यक्रम होऊ दे, आकाश कुठं पळून जाते. फोकस बंद करा म्हटलं तर म्हणे, अंधारात फोटो कसे येतीन?

झालं सुरू. दीपप्रज्वलन, त्यात आगपेटीच सापडेना. मग प्रास्ताविक. त्यात काकांनी धूमकेतू सोडून पार्किंग घेतली, नळाचं पाणी घेतलं. शोभाताईंनी स्वागतगीत म्हटलं, सगळे कडवे. लोक तर्री-पोहे हाणून राहिले होते आन् मधात मधात ताडपत्रीकडे पाहून राहिले होते, जसे काही तिच्यातूनच तारे टपकतीन. एकानं तर विचारलं, सुरू झालं का?

गोपिका स्टेजवर, प्रमुख पाहुणी. दहा वाजून गेलेले. तिले वाटलं, या लोकांसाठी त्या धूमकेतूनं एवढी मेहनत काहून केली असंन?

काकांनी शाल उघडली. "आता आपली लाडकी गोपिका..."

लाडकी गोपिका उठली, शालीच्या बाजूनं निघाली आन् सरळ मांडवाबाहेर. टाकीची शिडी चढली, टाकीवर आडवी झाली.

आन् काय सांगू. एक सर्रकन गेली. तिच्यामागं दुसरी, हिरवट, अर्ध्या आभाळात रेघ ओढत. मग दोन संगंच. गोपिका तोंडावर हात दाबून हसून राहिली होती आन् डोळ्यातून पाणी. खाली माइक चालूच. तिची शाल काकांनी सोताच्या खांद्यावर टाकून फोटो काढून घेतला.

बऱ्याच वेळानं शोभाताई शिडीपाशी आल्या. वर पाहायचंही सुचलं नाही त्यांले. "काहून वं गोपिका, दिसून राहिलं का काही? बोलावू का सगळ्यायले?"

तेवढ्यात एक मोठी, पेटत पेटत, दोघींच्याही डोक्यावरून गेली.

"नाही ताई," गोपिका म्हणाली. "काहीच नाही. तुम्ही आभारप्रदर्शन उरकून घ्या."